गाडी खाली केली, आता चाक कोणतं? रुंदी, ऑफसेट आणि टायरचं गणित समजून घ्या

रीलमध्ये दिसणारी खाली बसलेली पोलो, मडगार्डला टेकेल की काय असं वाटणारं १७ इंची अलॉय आणि खाली कॅप्शन, 'परफेक्ट फिटमेंट'. ती बघून दुकानात गेलेल्या माणसाचा प्रश्न ठरलेला असतो, "हे माझ्या गाडीला बसेल का?" उत्तरही ठरलेलं, "बसेल की!"

बोल्टची भोकं जुळली की चाक बसतं, हे खरं आहे. पण बसलेलं चाक फिरायलाही हवं. मागे तिघं बसलेले, डिकीत सामान, घाटातलं वळण आणि वळणावरच खड्डा, अशा वेळी मडगार्डच्या आतून 'घर्र' असा आवाज येतो. तो आवाज टायर पत्र्याला किंवा प्लॅस्टिकला घासल्याचा असतो. हे घासणं टायरच्या आतल्या बाजूला होत असेल, तर बाहेर उभं राहून ते दिसतही नाही. रबर झिजत जातं आणि कळतं तेव्हा गाडी बहुतेक वेळा हायवेवर असते.

यातलं बरंचसं पैसे देण्याआधी कागदावर काढता येतं. त्यासाठी चार आकडे आणि एक क्रम लक्षात ठेवावा लागतो. क्रम असा: आधी गाडीची उंची ठरवायची, मग टायरचं माप, मग रिमची रुंदी आणि शेवटी ऑफसेट. बहुतेक जण उलट करतात. आधी डिझाइन आवडतं, मग बाकी सगळं त्यात कोंबलं जातं.

आकडे वाचायचे कसे?

उदाहरणासाठी फोक्सवॅगन पोलो घेऊ. पुण्याजवळच्या चाकणच्या कारखान्यात २००९च्या अखेरीपासून २०२२पर्यंत ही गाडी बनली. खाली केलेल्या गाड्यांमध्ये ती आजही हमखास दिसते. पुढची गणितं ६जे × १५ ईटी४० रिम आणि १८५/६० आर१५ टायर हे मूळ माप धरून केली आहेत. व्हेरिएंटनुसार माप बदलतं, म्हणून स्वतःच्या गाडीचे आकडे चाकाच्या मागच्या बाजूला आणि टायरवर बघून घ्यावेत.

'६जे × १५ ईटी४०' याचा अर्थ असा:

- १५ म्हणजे रिमचा व्यास, इंचात.
- ६ म्हणजे रिमची रुंदी, इंचात. ही रुंदी टायरची कड जिथे बसते त्या दोन टोकांमधली असते. रिमचं बाहेरून मोजलेलं माप यापेक्षा जवळपास एक इंच जास्त भरतं.
- जे हा रिमच्या कडेच्या आकाराचा प्रकार आहे.
- ईटी४० म्हणजे ऑफसेट. चाकाच्या रुंदीच्या बरोबर मध्यावर एक रेषा कल्पा. चाक हबला जिथे टेकतं ती जागा या रेषेपासून ४० मिलिमीटर बाहेरच्या बाजूला आहे, असा याचा अर्थ.

ऑफसेटमध्ये गोंधळ होतो तो इथे: ईटीचा आकडा कमी झाला की चाक बाहेर येतं आणि वाढला की आत जातं.

टायरवरच्या '१८५/६० आर१५ ८४एच' मध्ये १८५ ही टायरची मिलिमीटरमधली रुंदी. ६० म्हणजे साइडवॉलची उंची रुंदीच्या ६० टक्के. ८४ हा भार निर्देशांक, म्हणजे एक टायर ५०० किलो पेलू शकतो. एच म्हणजे कमाल वेग ताशी २१० किलोमीटर.

गाडी खाली गेल्यावर नेमकं काय बदलतं?

गाडी ४० मिलिमीटर खाली केली, की चाकाला वर जायला मिळणारी जागा साधारण तेवढीच कमी होते. मूळ गाडीत चाक मडगार्डच्या आत शिरायला मोठा खड्डा लागायचा. आता साधा स्पीडब्रेकरही पुरतो. म्हणून एखादं माप मूळ उंचीच्या गाडीवर न घासता चालतं आणि खाली केलेल्या गाडीवर घासतं. मित्राच्या गाडीवर बसलं, हा पुरावा त्याच्या आणि तुमच्या गाडीची उंची सारखी असेल तरच उपयोगाचा.

दुसरा बदल चाकांच्या कोनात होतो. पोलोला पुढे मॅकफर्सन स्ट्रट सस्पेन्शन आहे. अशी गाडी थोडी खाली गेली की पुढच्या चाकांचा वरचा भाग आत झुकतो. याला निगेटिव्ह कॅम्बर म्हणतात. त्याचबरोबर टो, म्हणजे चाकांची तोंडं आत किंवा बाहेर वळलेली असण्याचं प्रमाणही बिघडतं. टायरची आतली कड झपाट्याने खाल्ली जाते ती मुख्यतः टोमुळे. गाडी खाली केल्यावर अलाइनमेंट करणं म्हणूनच टाळता येत नाही. स्प्रिंग नव्या असतील तर त्या बसून उंची स्थिर झाल्यावर अलाइनमेंट पुन्हा तपासावी लागते.

मूळ स्प्रिंग कापून गाडी खाली करण्याचा स्वस्त उपाय अजूनही सर्रास दिसतो. कापलेली स्प्रिंग तिच्या बैठकीत नीट बसत नाही. चाक हवेत लटकलं तर ती जागेवरून हलू शकते. शिवाय शॉकअप मूळ स्प्रिंगसाठी बनलेला असतो. उंची भरवशाची नसेल, तर पुढच्या कोणत्याही मिलिमीटरला अर्थ राहत नाही.

पायरी १: टायर, व्यास जपा

रिम मोठी घेतली की साइडवॉल कमी करायची, म्हणजे चाकाचा एकूण व्यास जवळपास तोच राहतो. सूत्र सोपं आहे: रिमचा व्यास मिलिमीटरमध्ये (इंच × २५.४) अधिक साइडवॉलच्या उंचीची दुप्पट.

- मूळ १८५/६० आर१५: व्यास ६०३ मिमी, साइडवॉल १११ मिमी
- १९५/५० आर१६: व्यास सुमारे ६०१ मिमी, साइडवॉल ९७.५ मिमी
- २०५/४० आर१७: व्यास सुमारे ५९६ मिमी, साइडवॉल ८२ मिमी
- २०५/४५ आर१७: व्यास सुमारे ६१६ मिमी, साइडवॉल ९२ मिमी

पहिला पर्याय मूळ मापाच्या अगदी जवळ आहे. दुसरा १.२ टक्क्यांनी लहान, तिसरा २.२ टक्क्यांनी मोठा. व्यासातला फरक ३ टक्क्यांच्या आत असावा, असा सर्वसाधारण संकेत आहे. पण खाली केलेल्या गाडीला तेवढी मोकळीक नसते. २०५/४५ आर१७ घेतला तर टायरची वरची कड साडेसहा मिलिमीटर वर जाते. आधीच आटलेल्या जागेतून हे साडेसहा मिलिमीटर जातात. म्हणून खाली केलेल्या गाडीला व्यास मूळ इतका किंवा किंचित कमी ठेवणं सोयीचं.

व्यास बदलला की स्पीडोमीटरही बदलतो. टायर लहान झाला तर काटा पूर्वीपेक्षा थोडा जास्त वेग दाखवतो. मोठा झाला तर कमी दाखवतो, आणि कॅमेऱ्याचं चलान येतं ते यातल्या दुसऱ्या प्रकारात.

साइडवॉलचा आकडाही नीट बघा. १११ मिमीवरून ८२ मिमीवर येणं म्हणजे खड्डा आणि रिम यांच्यातली रबराची गादी जवळपास तीन सेंटिमीटरने कमी होणं. पावसाळ्यात पाण्याने भरलेला खड्डा दिसत नाही. अशा वेळी रिम वाकणं, तिला चीर जाणं किंवा टायरला फुगा येणं हे कमी साइडवॉलच्या चाकांबाबत जास्त घडतं. फुगा आला म्हणजे टायरच्या आतले धागे तुटले. तो टायर दुरुस्त होत नाही, बदलावाच लागतो. रोज शहरात आणि महिन्यातून एकदा गावाला जाणाऱ्या गाडीसाठी १६ इंच हा बहुतेकांना झेपणारा पर्याय आहे.

भार निर्देशांक कुठे फसवतो?

२०५/४० आर१७ हा टायर साध्या प्रकारात ८० निर्देशांकाचा, म्हणजे ४५० किलोचा असतो. मूळ टायर ५०० किलोचा होता. टायर रुंद आणि महाग झाला, पण भार पेलण्याची क्षमता प्रत्येक चाकामागे ५० किलोने घटली. मूळ क्षमता हवी असेल तर याच मापाचा 'एक्स्ट्रा लोड', म्हणजे एक्सएल लिहिलेला ८४ निर्देशांकाचा टायर घ्यावा लागतो.

त्यातही एक अट आहे. एक्सएल टायर आपली पूर्ण क्षमता जास्त हवेवर गाठतो. साध्या टायरची क्षमता साधारण ३६ पीएसआयवर मोजलेली असते, एक्सएलची ४२ पीएसआयवर. त्यामुळे जुन्या टायरइतकीच हवा भरली तर नवा टायर तेवढा भार पेलत नाही. किती हवा वाढवायची हे टायर कंपनीच्या तक्त्यावरून ठरवावं. 'टायर रुंद आहे, हवा कमी ठेवा, गाडी मऊ चालेल' हा सल्ला कमी साइडवॉलच्या टायरसाठी धोक्याचा आहे. कमी हवेचा टायर तापतो, आणि समृद्धी महामार्गासारख्या लांब, सरळ, काँक्रीटच्या रस्त्यावर तो तासन् तास तापत राहतो.

पायरी २: रिमची रुंदी

प्रत्येक टायरला किती रुंदीची रिम चालते, हे टायर उद्योगाच्या मानकांत ठरलेलं आहे:

- १८५/६० आर१५ साठी ५ ते ६.५ इंच
- १९५/५० आर१६ साठी ५.५ ते ७ इंच
- २०५/४० आर१७ साठी ७ ते ८ इंच

रुंद रिमवर अरुंद टायर ताणून बसवण्याची फॅशन आहे. तिला 'स्ट्रेच' म्हणतात. साइडवॉल आत झुकलेली दिसते आणि मडगार्डजवळ थोडी जागा सुटते. पण मर्यादेबाहेर ताणलेल्या टायरची कड रिमवर पक्की बसत नाही, आणि फुटपाथला किंवा खड्ड्याला पहिला मार रिमच्या कडेला बसतो. हवा कमी असताना जोरात वळण घेतलं तर टायर रिमवरून सुटूही शकतो. मर्यादेच्या मधली रुंदी निवडली तर हा प्रश्नच येत नाही. १९५/५० आर१६ ला ६.५ इंची रिम हे त्याचं चांगलं उदाहरण.

पायरी ३: ऑफसेट, म्हणजे आत-बाहेरचा हिशोब

रिम रुंद झाली की वाढलेली रुंदी मध्यरेषेच्या दोन्ही बाजूंना निम्मी-निम्मी वाटली जाते. त्यात ऑफसेटमधला फरक मिळवायचा किंवा वजा करायचा.

मूळ ६जे ईटी४० वरून ७.५जे ईटी३५ वर गेल्यास:

- रुंदी १.५ इंच, म्हणजे ३८ मिमी वाढली. प्रत्येक बाजूला १९ मिमी.
- ऑफसेट ५ ने कमी झाला, म्हणजे अख्खं चाक ५ मिमी बाहेर आलं.
- रिमची बाहेरची कड १९ + ५ = २४ मिमी बाहेर.
- रिमची आतली कड १९ − ५ = १४ मिमी आत.

तीच ७.५जे रिम ईटी४५ ची घेतली तर आकडे उलटतात. बाहेर १४ आणि आत २४. ६.५जे ईटी४० घेतली तर दोन्हीकडे जेमतेम ६ मिमी.

हा हिशोब रिमच्या कडेचा झाला. टायरचा वेगळा करावा लागतो. १८५ वरून २०५ वर गेल्याने टायर प्रत्येक बाजूला साधारण १० मिमी वाढतो. म्हणजे ईटी३५ वर टायरची साइडवॉल बाहेर सुमारे १५ मिमी आणि आत ५ मिमी सरकते. रुंद रिमवर टायर थोडा पसरतो, त्यामुळे हे आकडे अंदाजाचे. ऑनलाइन कॅल्क्युलेटर बहुधा फक्त रिमचे आकडे देतात. घासतो मात्र बहुतेक वेळा टायर.

आतली जागा आणि बाहेरची जागा सारखी नसते

मॅकफर्सन स्ट्रटच्या गाडीत चाक आणि शॉकअपचा खालचा भाग एकाच तुकड्याला जोडलेले असतात. ते एकत्र वर-खाली होतात आणि एकत्र वळतात. म्हणून टायर आणि शॉकअप यांच्यातलं अंतर गाडी उभी असो वा खड्ड्यात, तेवढंच राहतं. ते एकदा मोजलं की पुरे. पाच-सहा मिलिमीटर मोकळे राहत असतील तर इथे भागतं. अपवाद कॉइलओव्हरचा. त्यात उंची कमी करण्यासाठी स्प्रिंगची बैठक खाली आणली, की ती टायरच्या समोर येऊन जागा खाऊ शकते.

मडगार्डकडचं अंतर मात्र सतत बदलतं. भार, खड्डा, वळण, स्टिअरिंगचा कोन, सगळ्यांचा त्यावर परिणाम होतो. आतले पाच मिलिमीटर भरवशाचे, बाहेरचे पाच नाहीत. म्हणून खाली केलेल्या गाडीला चाक फार बाहेर काढण्यापेक्षा शॉकअपजवळची मोकळी जागा आधी वापरणं शहाणपणाचं.

ईटी खूप कमी घेण्याचा आणखी एक तोटा आहे. चाक बाहेर गेलं की व्हील बेअरिंगवर ताण वाढतो आणि स्टिअरिंगचा स्वभाव बदलतो. खड्ड्यात किंवा जोरात ब्रेक लावल्यावर स्टिअरिंग हातातून ओढलं जातं. स्पेसर लावणं म्हणजेही ईटी कमी करणंच. ईटी४० च्या चाकामागे १५ मिमीचा स्पेसर लावला की ते ईटी२५ होतं. शिवाय बोल्टही तेवढेच लांब लागतात, नाहीतर हबमध्ये पुरेसे फेरे बसत नाहीत.

घरी मोजायचं कसं?

१. गाडी सपाट जागेवर उभी करा. टायरमध्ये हवा बरोबर हवी.

२. मडगार्डच्या कडेवरून ओळंबा सोडा. दोऱ्यापासून रिमची कड आणि टायर किती आत आहेत ते मोजा. हीच तुमची बाहेरची शिल्लक.

३. स्टिअरिंग पूर्ण वळवून टायर आणि शॉकअप यांच्यातली सर्वांत अरुंद जागा मोजा. ही आतली शिल्लक.

४. दोन्हीतून वर काढलेले आकडे वजा करा. उत्तर शून्याच्या खाली गेलं तर ते चाक सोडून द्या.

५. चारही चाकं घेण्याआधी दुकानदाराला एकच बसवून दाखवायला सांगा. मडगार्डच्या आत मुलांची खेळायची माती लावा. पाचही सीटवर माणसं बसवा, स्टिअरिंग दोन्ही टोकांपर्यंत फिरवा आणि रॅम्पवरून हळू न्या. मातीवर उमटलेला ठसा कुठे घासतंय ते दाखवेल.

मागच्या चाकांची चाचणी वेगळी घ्या. पोलोच्या मागे टॉर्शन बीम आहे. डिकी भरली की गाडी आधी मागून बसते, आणि एकट्याने चालवताना ते कधीच कळत नाही.

बोल्टचीही एक गोष्ट

पोलोचा बोल्ट पॅटर्न ५ × १०० आहे आणि मधल्या भोकाचा व्यास ५७.१ मिमी. बाजारातल्या अलॉयचं मधलं भोक बहुधा याहून मोठं असतं. ती फट भरायला हब रिंग लागते. ती नसेल तर चाक नेमकं मध्यावर बसत नाही आणि वेगात स्टिअरिंग थरथरतं.

त्याहून महत्त्वाची गोष्ट बोल्टच्या डोक्याची. फोक्सवॅगनच्या मूळ बोल्टची बैठक गोलाकार असते, तर बाजारातल्या बहुतेक अलॉयची शंकूसारखी निमुळती. दोन्ही एकमेकांत घातले तरी घट्ट झाल्यासारखे वाटतात, पण धातूला धातू नीट टेकत नाही आणि बोल्ट सैल होत जातात. मूळ होंडा चाकांचीही बैठक गोलाकार असते. नवं चाक घेताना त्याच्याच बैठकीचे बोल्ट किंवा नट मागून घ्या. पोलोचे बोल्ट १२० न्यूटन-मीटरला आवळायचे असतात. टॉर्क पान्याने आवळा आणि पहिल्या ५० ते १०० किलोमीटरनंतर पुन्हा तपासा.

कायदा काय म्हणतो?

मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणी प्रमाणपत्रातला तपशील कंपनीच्या मूळ तपशिलाशी विसंगत होईल असा बदल मालकाला करता येत नाही. गाडीचं मूलभूत वैशिष्ट्य बदलणारा रचनेतला बदल, अशी तिथे 'बदला'ची व्याख्या आहे. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही या कलमाचा अर्थ कडक लावला. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनंतर कलम १८२अ नुसार नियमबाह्य बदलासाठी प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतात.

कोणता बदल या व्याख्येत बसतो, यावरून रस्त्यावर वाद होतात. कंपनीने त्याच मॉडेलच्या एखाद्या व्हेरिएंटला दिलेलं चाक-टायरचं माप निवडणं हा सर्वांत कमी कटकटीचा मार्ग. मडगार्डबाहेर आलेलं चाक लांबूनच दिसतं. विमा कंपनीला बदल कळवला नसेल तर अपघातानंतर दावा अडू शकतो, म्हणून ते लेखी कळवलेलं बरं.

आणि स्पीडब्रेकर?

इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकानुसार स्पीडब्रेकरची उंची १० सेंटिमीटर आणि रुंदी ३.७ मीटर असावी. गल्लीतले कित्येक स्पीडब्रेकर याहून अरुंद आणि टोकदार असतात. गाडी किती खाली न्यायची हे ठरवताना रोजच्या रस्त्यावरचा सर्वांत वाईट स्पीडब्रेकर टेपने मोजून घ्या. भरलेल्या गाडीचा तळ त्यावरून सुटायला हवा.

थोडक्यात

- रोजच्या वापराची पोलो, ३०-३५ मिमी खाली: १६ × ६.५, ईटी४० च्या आसपास, १९५/५० आर१६. मोजून घ्या, पण बहुधा काही कापावं लागणार नाही.
- १७ इंच हवंच असेल तर २०५/४० आर१७ एक्सएल, ७ किंवा ७.५ इंची रिम. ईटी स्वतःच्या गाडीवर मोजूनच ठरवा.
- मडगार्डची कड आत वळवावी लागत असेल, तर पत्र्याला रंग लावून घ्या, नाहीतर गंज तिथूनच धरतो.
- दर महिन्याला स्टिअरिंग पूर्ण वळवून टायरची आतली बाजू बघा. खोबणींची खोली १.६ मिमीच्या खाली गेली की कायद्यानेही तो टायर बाद. आतली कड आधी तिथे पोहोचते.